प्रॉपला विचारू नकोस, त्याच्या हाताला विचार

फिजिओथेरपिस्ट म्हणजे मसाज करणारी बाई, असा माझ्या पुण्यातल्या सासरी समज होता. ऑस्ट्रेलियात टूवूंबाला आल्यावर कळलं की इथल्या शेतकऱ्यांचाही तोच समज आहे. म्हणून संपादकांनी "तुमच्या कामाविषयी लिहा" असं सांगितल्यावर आधी हे स्पष्ट करते की मी मसाज करत नाही. म्हणजे करते, पण अगदी नाइलाज झाला तर. आमचं खरं काम म्हणजे माणसाला त्याच्याच हातापायांची पुन्हा ओळख करून देणं. ऑपरेशन झालेला गुडघा हा आपलाच गुडघा आहे आणि तो वाकवला तर मोडत नाही, एवढं पटवायला कधीकधी महिना जातो. लोक आम्हाला शिव्या घालतात आणि बरे झाले की श्रेय सर्जनला देतात.

टूवूंबाच्या सरकारी इस्पितळात माझी उभी हयात गेली. गुडघे, खुबे, ट्रॅक्टरवरून पडलेले खांदे, घोड्यावरून पडलेल्या पाठी. या सगळ्यांविषयी लिहायला बसले तर तुमचा अख्खा अंक मलाच लागेल. त्यामुळे एकाच मानेविषयी लिहिते. ती ड्युगल नावाच्या एका स्कॉटिश माणसाची होती आणि तो इथल्या एका रग्बी क्लबचा कोच होता.

त्याची पहिली भेट अशी. बाहेर पेशंट बसलेला आणि माझ्या हातात त्याच्या मानेचा एक्स-रे. मणके एकमेकांवर टेकलेले, कडांना हाडं वाढलेली. फिल्म ऐंशीच्या पुढच्या कुणाची तरी असणार असं समजून मी ती परत पाठवायला निघाले होते. तेवढ्यात आत एक पन्नाशीचा, दारात मावणार नाही असा गडी आला. मी फिल्मवरचं नाव घेऊन हाक मारल्यावर माझ्याकडे बघायला तो अख्खाच्या अख्खा वळला, कारण त्याची नुसती मान वळतच नव्हती. फिल्म त्याचीच होती.

तोवर मला इंग्रजी येतं असा माझा समज होता. ऑस्ट्रेलियन लोक दुपारला 'आर्व्हो' आणि पेट्रोल पंपाला 'सर्व्हो' म्हणतात, त्याचीही सवय झाली होती. पण ड्युगल बोलायला लागला की गाडी खडीवरून चालल्यासारखं वाटायचं. मी आपली हसून हो हो म्हणत राहायचे. तिसऱ्या अपॉइंटमेंटला लक्षात आलं की त्या हो हो करण्यात मी दर शनिवारी त्याच्या क्लबच्या पोरांना पट्ट्या बांधायला यायचं कबूल करून बसले आहे. नवरा म्हणाला, "आता शब्द दिलायस तर जा." त्याला काय, शनिवारी घर शांत मिळणार होतं.

ज्यांनी रग्बी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चेंडू लांबट असतो, तो हातात घेऊन पळायचं आणि समोरच्याच्या रेषेपलीकडे जाऊन जमिनीला टेकवायचा. टेकवला तर गुण, नुसती रेषा ओलांडून उपयोग नाही. समोरचे पंधराजण तुम्हाला पाडायला मोकळे असतात. या खेळात स्क्रम नावाचा एक प्रकार आहे. दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून, एकमेकांत डोकी अडकवून, बैलांसारखे रेटतात. त्यातही पुढच्या रांगेत तिघे असतात आणि दोन टोकांना असलेल्यांना प्रॉप म्हणतात. प्रॉप म्हणजे शब्दशः टेकू. मागच्या सगळ्यांचा आणि समोरच्या सगळ्यांचा भार या टेकूच्या मानेवर येतो. म्हणून नियमच असा आहे की शिकवून तयार केलेल्या गड्याशिवाय कुणाला त्या जागी उभं करायचं नाही. तयार गडी उरला नाही तर पंच सांगतो, यापुढे स्क्रम लागेल पण रेटारेटी होणार नाही.

ड्युगल प्रॉप होता. स्कॉटलंडच्या दक्षिणेला लोकरीच्या गिरण्यांची गावं आहेत, त्यातल्या एका गावचा. वडील गिरणीत, हाही गिरणीत. त्या काळी रग्बीला पैसे मिळत नसत. शनिवारी खेळायचं आणि सोमवारी सुजलेला कान घेऊन कामावर जायचं. खेळता खेळता तो इतका चांगला झाला की त्याची निवड देशाच्या संघात राखीव म्हणून झाली. आणि इथून त्याच्या आयुष्याची खरी गंमत सुरू होते, म्हणजे आपल्याला गंमत वाटते.

तेव्हा राखीव खेळाडूला आत जायचं तर आतला खेळाडू जखमी व्हावा लागे आणि डॉक्टरने तसं सांगावं लागे. दमला म्हणून बदलला, असं नसे. ड्युगलच्या जागेवर जो मुख्य खेळाडू होता, त्याला कधी साधी सर्दीही झाली नाही. मोसमामागून मोसम ड्युगल देशाचा पोशाख घालून, वर ट्रॅकसूट चढवून बाकावर बसला आणि तसाच कोरडा घरी गेला. देशाकडून प्रत्यक्ष मैदानात उतरलेल्याला तिकडे खरोखरची टोपी देतात, मखमली, गोंडा लावलेली. याला ती कधीच मिळाली नाही.

"तो पडावा असं वाटायचं का रे?" मी एकदा त्याची मान हातात धरून विचारलं होतं. इथे सगळेच अरे-तुरे, तेव्हा मीही.

"दर वेळी," तो म्हणाला. "तो खाली पडला की मी उभा राहायचो. आपण किती पटकन उभे राहतो, याची मला लाज वाटायची."

मग त्याने दुसरी गोष्ट सांगितली. आपल्या जिल्ह्याकडून खेळताना एका स्क्रममध्ये त्याच्या हातातली ताकद गेली. समोर निवड समिती बसलेली. डॉक्टर धावत आला आणि त्याने विचारलं, बरा आहेस ना? ड्युगल म्हणाला, एकदम ठणठणीत. डॉक्टर परत गेला आणि ड्युगल शेवटपर्यंत खेळला. पुढच्या आठवड्यात पुन्हा बाकावरची जागा मिळाली, मान मात्र कायमची गेली. थोड्या वर्षांनी गिरणी बंद पडली. एका ओळखीच्या माणसाच्या भरवशावर तो ऑस्ट्रेलियात आला आणि खेळता येत नाही म्हणून शिकवायला लागला.

त्यामुळे माझ्या पहिल्याच शनिवारी त्याने मला जे सांगितलं, ते मी पुढे किती विद्यार्थ्यांना सांगितलं असेल. "पोरी," तो म्हणाला. मी चाळिशीला आले होते, पण त्याच्या गावी सगळ्याच बायकांना तसं म्हणत. "पोरी, प्रॉपला कधी विचारू नकोस की बरा आहेस का. तो खोटं बोलणार. मी बोललोय. त्याच्या हाताला विचार."

हाताला विचारायचं म्हणजे काय, ते आमच्या धंद्यातलं अगदी साधं काम आहे. माझी दोन बोटं पेशंटच्या दोन्ही मुठींत द्यायची आणि दाब म्हणायचं. अंगठा आणि करंगळी जुळवायला सांगायचं आणि मधून आपलं बोट ओढून काढायचं. मानेतली नस चेपली असेल तर मूठ सैल पडते. तोंड कितीही ठणठणीत म्हणो, मुठीला तसं म्हणता येत नाही.

हा सगळा काळ विद्यार्थ्यांच्या लाटेचा. भारतातून पोरं येत होती ती काही विचारू नका. सिडनीला हॅरिस पार्कच्या एकेका फ्लॅटमध्ये गाद्यांना गाद्या लावून झोपत. काहीजण फी कमी आणि व्हिसाला बरं म्हणून टूवूंबाच्या युनिव्हर्सिटीत यायचे. इथे आल्यावर कळायचं की बस तासातासाने एक आणि रविवारी तीही नाही. मग आमच्यासारख्या गाडीवाल्या मराठी कुटुंबांचे फोन वाजायचे. "ताई, शिफ्टला सोडता का?" ड्युगलच्या क्लबाची परिस्थिती याच्या उलट होती. शेतकऱ्यांची पोरं ब्रिस्बेनला निघून चाललेली, संघात पंधरा जण जमवताना मारामार. ड्युगल माणसांकडे बघायचा तो मानेपासून सुरुवात करून. सुपरमार्केटच्या रांगेत मला कोपराने ढोसून म्हणायचा, "त्याची मान बघ." लोक आम्हाला काय समजत असतील कोण जाणे.

अशीच त्याला विक्रांतची मान दिसली. विक्रांत इस्लामपूरचा, वडील एसटी डेपोत मेकॅनिक. इंजिनिअरिंगचं मास्टर्स करायला आलेला आणि रात्री पेट्रोल पंपावर काम करणारा. बुटका, रुंद आणि लाजाळू. मी त्याला कामावर सोडत होते आणि ड्युगल मागच्या सीटवर होता. गाडीतून उतरताना विक्रांतला बघून तो म्हणाला, "हा कुठे राहतो?" जणू स्थळ बघायला आला होता.

"रग्बी काय मला येत नाही ताई," विक्रांत म्हणाला. "मी कबड्डीवाला. कॉलेजला डावा कोपरा खेळायचो."

मी भाषांतर केलं. ड्युगलने कबड्डी म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, आणि ते ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तसा मी माझ्या लग्नात नवऱ्याच्या चेहऱ्यावरही पाहिला नव्हता.

अख्खा एक मोसम त्याने विक्रांतला फक्त शिकवलं. पाठ सपाट, हनुवटी वर, पाय कसे रोवायचे, मान कधीही वाकवायची नाही. आधी लाकडी चौकटीला रेटायचं, मग एका माणसाला, मग तिघांना. पोरं कुरकुरायची की याला एकदाचा खेळव. ड्युगल म्हणायचा, मान तयार झाली की मान सांगेल. पुढच्या मोसमात विक्रांत पहिल्या रांगेत उभा राहिला आणि मी त्याच्या कानांवर पट्टी गुंडाळताना म्हणाले, "आई-बाबांना सांगितलंस?" तर म्हणतो, "कबड्डीच खेळतो म्हणून सांगितलंय. मैदानावरच असतो ना, खोटं कुठंय."

त्याच्या हातून एक चूक झाली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका सामन्यात चेंडू अवचित त्याच्या हातात आला. उजव्या काखेत चेंडू दाबून तो सुटला. दोघांनी पाय धरले, हा पडला, पण पडता पडता त्याने शरीर ताणलं आणि डावा, रिकामा हात पुढे टाकून बोटांची टोकं रेषेला लावली. मग दिमाखात उठला आणि चेंडू काखेतच ठेवून दोन्ही मांड्यांवर थाप मारली. समोरच्याने तेवढ्यात शांतपणे त्याच्या काखेतला चेंडू काढून घेतला आणि पळाला. आमच्या पोरांनी डोक्याला हात लावला. चढाईला गेलेला माणूस परत येताना मध्यरेषेला बोट लावतो आणि वाचतो, हे माझ्याशिवाय त्या मैदानात कुणाला माहीत असणार.

ड्युगल माझ्याकडे आला. "त्याने काय केलं?"

मी समजावलं. त्याने ते एखाद्या न्यायाधीशासारखं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्याने बरोबर केलं," तो म्हणाला. "फक्त खेळ चुकला."

मंगळवारी सराव होता. त्या दिवशी त्याने चेंडू पेटीतच ठेवला, मैदानावर चुन्याच्या रेषा मारल्या आणि विक्रांतला म्हणाला, आज तू कोच. तांबड्या मातीत ती सहा-सहा फुटी गोरी पोरं कबड्डी कबड्डी म्हणत धावत होती आणि विक्रांत त्यांचे घोटे धरून धरून त्यांना आडवं करत होता. त्या मोसमात आमच्या संघाइतकी खालून पकड कुणाचीच नव्हती. दुसऱ्या कोचांनी त्या पोराला बाहेर बसवून ठेवलं असतं. ड्युगलकडे ही एक विलक्षण नजर होती. माणूस चुकला की तो आधी बघायचा, अशी चूक व्हायला याला दुसरं काय इतकं चांगलं येतं.

संघ जिंकायला लागला. पण मागची काही वर्षं हरण्यात गेल्यामुळे क्लबच्या कमिटीचा धीर सुटला होता. ट्रॅक्टर विकणारे एक गृहस्थ अध्यक्ष होते. त्यांनी ड्युगलला स्पष्ट सांगितलं, यंदा फायनल गाठलीस तर करार पुढे चालू, नाहीतर दुसरा बघू. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत झाली. पन्नाशी उलटलेल्या, मान न वळणाऱ्या माणसाला दुसरं काय काम मिळणार होतं?

सेमी-फायनल गणपतीत आली. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. ड्युगल आरतीला आला, बूट बाहेर काढून. मूर्तीसमोर बराच वेळ उभा राहिला आणि मला हळूच म्हणाला, "मान नाहीच. खांद्यावर थेट डोकं. प्रॉप घडवायचा तर असाच घडवायला पाहिजे." पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी विचारलं, काय म्हणतात ते? मी सांगितलं, मूर्ती फार सुबक आहे म्हणतात. त्यांनी त्याला आग्रह करून आणखी दोन मोदक वाढले.

विक्रांत स्वयंपाकघरात माझ्या मागे मागे आला. "ताई, कोचला काढणार हे खरंय का?"

"फायनलला गेलात तर नाही काढणार."

"मग जाऊ की," तो म्हणाला आणि ताटं उचलायला लागला.

त्या शनिवारी वारं असं होतं की पट्टी कापली की हातातून उडायची. समोरचा संघ आमच्यापेक्षा पळण्यात चांगला होता, सगळ्यातच चांगला होता. स्क्रम तेवढा आमचा. विक्रांत आणि दुसरा प्रॉप मिळून त्यांना मागे ढकलत होते आणि त्यावरच आम्ही थोड्या गुणांनी पुढे होतो. शेवटची दहा-बारा मिनिटं उरली असतील. आमचा राखीव म्हणून ठेवलेला तिसरा तयार प्रॉप आधीच पाय मुरगळून बाहेर बसला होता. म्हणजे आता विक्रांत आहे तोवर रेटारेटी आहे, हे दोन्हीकडच्या लोकांना ठाऊक होतं.

एक स्क्रम कोसळला. सगळे उठले. विक्रांत गुडघ्यावरच राहिला, मग उठला आणि उजवा हात झटकायला लागला. मी धावले.

"काय नाही ताई. जरा मुंग्या आल्यात."

"हात दे."

"अहो, आता कशाला..."

"हात दे, विक्रांत. दोन्ही."

डावी मूठ माझी बोटं मोडतील अशी आवळली. उजवी तशी आवळली नाही. चिखल असेल म्हणून मी माझ्या टी-शर्टला त्याचा हात पुसला आणि पुन्हा दाबायला लावलं. मला मनापासून वाटत होतं की तो चिखलच असावा. अंगठा-करंगळी जुळवायला लावली, तर माझं बोट लोण्यातून निघावं तसं निघालं. मानेच्या मधोमध बोट टेकवलं तेव्हा तो कळवळला.

तो माझ्या कानाशी, भराभर बोलायला लागला. "ताई, ऐका. तुम्ही काय बोलू नका. ह्या लोकांना आपलं बोलणं कळत नाही. थोडा वेळ फक्त. कोचची नोकरी जाईल हो. मी बरा आहे, आईशप्पथ बरा आहे."

पंच माझ्या डोक्यावर उभा होता. त्याने विचारलं, "तो काय म्हणतोय?" त्या मैदानात विक्रांत काय म्हणतोय हे कळणारी मी एकटी. मी वर बघितलं. ड्युगल रेषेवर उभा होता, सगळा माझ्याकडे वळून. तो काही ओरडला नाही. त्याने फक्त आपली मूठ वर करून दाखवली, म्हणजे विचारलं. मी माझा उजवा हात वर केला आणि मूठ सोडून दाखवली.

त्याने क्षणाचाही विचार केला नाही. पंचाकडे हात करून खेळाडू बाहेर काढत असल्याची खूण केली.

मी विक्रांतला तिथेच आडवा केला आणि मानेला कॉलर लावली. पंचाने जाहीर केलं की यापुढे स्क्रममध्ये रेटारेटी नाही. समोरच्या पोरांचे चेहरे उजळलेले मला खालूनही दिसले. स्ट्रेचरवरून नेताना विक्रांत रडत होता. "ताई, तुम्ही आपल्या माणसासारखं नाही वागलात," तो म्हणाला. मी त्याची कॉलर नीट बसली आहे ना ते पाहिलं. रेषेजवळ अध्यक्ष उभे होते, त्यांनी मला म्हटलं, "मला तर तो बरा दिसत होता, लव्ह." इथे कुठल्याही बाईला असं म्हणतात. अँब्युलन्सचं दार लावताना मैदानातून ओरडा ऐकू आला, आणि तो आमच्या बाजूचा नव्हता. आम्ही हरलो.

इस्पितळ माझंच, त्यामुळे स्कॅन लवकर झाला. बाहेर बाकांवर अख्खा संघ चिखलाच्या कपड्यांत बसला होता आणि नर्स त्यांच्या बुटांवरून वैतागली होती. ड्युगल भिंतीला टेकून उभा. संध्याकाळी ड्यूटीवरच्या डॉक्टरने मला आत बोलावून फिल्म दाखवली. हाड मोडलेलं नव्हतं, चकती जागेवर होती. नस ताणली गेली होती, एवढंच. विक्रांतच्या मुठीत ताकदही परत येत होती. काही दिवसांत पूर्ण बरा होईल, डॉक्टर म्हणाला.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, खोटं कशाला सांगू. पण पाठोपाठ दुसराच विचार आला. म्हणजे पोरगा खेळला असता. म्हणजे मी उगाच हात वर केला आणि एका भल्या माणसाचं पोट बुडवलं. बाहेर येऊन मी ड्युगलसमोर उभी राहिले.

"स्कॅन स्वच्छ आहे," मी म्हटलं.

"पुन्हा सांग."

"काहीही झालेलं नाही. मोडलेलं नाही, सरकलेलं नाही."

"आणखी एकदा सांग," तो म्हणाला. मी सांगितलं. त्या अवाढव्य माणसाने दोन्ही तळहात भिंतीवर आपटले आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मग पोरांना काही न सांगता थेट आत गेला, मी मागोमाग.

विक्रांत कॉलरमध्ये, छताकडे बघत पडला होता. "कोच, मी बरा होतो," तो इंग्रजीत म्हणाला. "आपण जिंकलो असतो."

"हो," ड्युगल म्हणाला. "तू बरा होतास. पण हे आपल्याला आत्ता कळलं. तेव्हा माहीत नव्हतं."

विक्रांतने कॉलर चाचपली. ड्युगल त्याच्या कॉटवर बसला, कॉट करकरली, आणि तो त्याला समोरच्या संघाच्या प्रॉपची नक्कल करून दाखवायला लागला.

नंतर पार्किंगमध्ये मी त्याला गाठलं आणि म्हटलं, "माझ्यामुळे तुझी नोकरी गेली." मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तो गाडीच्या दाराशी उभा होता. "माझ्या वेळी तुझ्यासारखं कुणी आत आलं असतं," तो म्हणाला, "आणि मला बाहेर काढलं असतं, आणि फिल्म अशीच स्वच्छ निघाली असती, तर मी त्या माणसाला आजपर्यंत शिव्या घातल्या असत्या." मग किल्ली माझ्याकडे दिली. "आणि आज ही गाडी मला माझी मला मागे घेता आली असती. घे, काढून दे." त्याला मागे वळून बघता येत नसे. गाडी मी काढून दिली.

कमिटीने मला बोलावलं. अध्यक्षांनी विचारलं, स्कॅन स्वच्छ होता, मग तो खेळू शकला असता का? मी म्हटलं, खेळू शकला असता आणि कदाचित पुन्हा कधी पाना धरू शकला नसता, तुम्हाला मैदानात यातलं काय होणार ते कळलं असतं का? त्यांनी माझे आभार मानले आणि ड्युगलचा करार संपवला. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी तेवढा संताप आयुष्यात फार थोड्या वेळा केला आहे. ड्युगलला काहीच वाटलेलं दिसलं नाही. घड्याळ चालतं का ते तेवढं कानाला लावून बघितलं.

विक्रांतने माझी माफी मागितली नाही आणि मलाही ती नको होती. एक दिवस फोन वाजला. "ताई, शिफ्टला सोडता का?" मी गेले. गाडीत तो आपणहून उजव्या हाताची मूठ माझ्यापुढे धरून म्हणाला, बघा. मी बघितली, चांगली घट्ट होती. आता तो सिडनीला पेंडल हिलमध्ये राहतो, मोठ्या पुलांची कामं बघतो, आणि त्याची मुलगी मला फोनवर इंग्रजीत विचारते की डॅड खरंच रग्बी खेळायचा का.

ड्युगलला पुढच्या मोसमात इथून तासाभरावरच्या एका धान्याच्या कोठारांच्या गावात काम मिळालं. संघ अगदी खालच्या पायरीवरचा, पगार नावाला. एका शुक्रवारी त्याचा फोन आला. "पोरी, पट्ट्या बांधायला कुणी नाही." नवरा म्हणाला, "आता तर तू शब्दही दिलेला नाहीस." मी म्हटलं, न देताच जाते.

गावाबाहेर पत्र्याची शेड, तिच्यात बाकांवर ती नवीन पोरं बसलेली. साडी नाही पण कुंकू लावलेली एक बाई पट्ट्यांचा डबा घेऊन आत आली हे बघून त्यांच्यात जी चुळबुळ व्हायची ती झाली. ड्युगलने हात वर केला आणि शेड गप्प झाली.

"ही मैदानात आली," तो म्हणाला, "की तिथून पुढे मी तुमचा कोच नाही. ती सांगेल ते. मॅच कुठलीही असो, कितीही मिनिटं उरलेली असोत. ज्याला हे चालणार नाही त्याने आत्ताच बूट काढावेत."

कुणीही बूट काढले नाहीत. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी डबा उघडला आणि जवळ बसलेल्या पोराला म्हटलं, हात दे.